सहावा पेला

खोटं मी लिहिलं. वीरेंद्रने ते फक्त छापलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझा राग वाचताना कुणाला वाटायला नको की मी स्वतःला बाजूला ठेवून दुसऱ्यांवर बोट दाखवतो आहे.

साकोलीच्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. माणसांशी बोलणं मला फारसं जमलं नाही. पुस्तकांशी जमलं, पण वाचलेलं बरोबर की चूक हे ठरवायची वेळ आली की मी नेहमी मागे सरकलो. आपल्याला काय कळतं, असं म्हणून गप्प बसायची सवय लागली. ही सवय लोकांना नम्रता वाटते. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

वीरेंद्रचं गाव एकोडीच्या पुढे, जंगलाच्या अंगाला. त्याचे पणजोबा तिथले मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार. तीन वर्षांपूर्वी त्याने घराला नवा रंग दिला, खोल्यांना एसी लावले आणि नागझिऱ्याच्या अभयारण्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी राहायची सोय केली. समोरच्या छपरीत, म्हणजे ओसरीत, त्याने काचेचं कपाट करून घेतलं आणि त्यात पाच पेले मांडले. गेल्या हिवाळ्यात तो गाडी घेऊन मला न्यायला आला. पेल्यांची माहिती लिहून पाहिजे, म्हणाला.

पेले खरोखर देखणे होते. वीतभर उंच, गडद निळी काच, काठाला सोनेरी रेघ आणि अंगावर पांढऱ्या-गुलाबी फुलांचा मीना. रंग इतका जाड की डोळे मिटून बोट फिरवलं तरी पाकळी कळावी. वीरेंद्रने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि घरात चालत आलेली हकिकत सांगितली. पेले नागपूरच्या भोसले राजाने त्याच्या पूर्वजाला लढाईतल्या शौर्याबद्दल दिले. रंगात माणकं आणि पाचू कुटून घातलेत. विष ओतलं तर काच तडकते. पेले सहा होते, एक नोकराने चोरला.

मी एक पेला उलटा करून पाहिला. बुडाशी सोनेरी रंगात बारीक आकडा होता, कारखान्यातल्या नमुन्याचा असतो तसा. असे पेले मी एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात पाहिले होते. बोहेमिया, म्हणजे आजचा चेक देश, तिथले काचवाले शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानच्या बाजारासाठी अशी काच बनवत. आपल्याकडच्यांना गडद रंग, सोनं आणि फुलं आवडतात हे त्यांना कळलं होतं. जहाजाने माल मुंबई-कलकत्त्याला येई, तिथून रेल्वेने आत. भोसल्यांचं राज्य गेलं अठराशे त्रेपन्नला. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी हे पेले भट्टीतून निघाले असावेत. माणकं-पाचू कुठले? मीना म्हणजे रंगीत काचेचीच पूड. ती तेलात खलून कुंचल्याने लावायची आणि भट्टीत भाजायची. एकेका रंगासाठी पुन्हा पुन्हा भाजायची. आणि काच तडकण्याचं म्हणाल तर तिला विष कळत नाही. थंड पेल्यात उकळता चहा ओतला तरी ती तडकते. विषाने तडकणाऱ्या पेल्याची ही कथा युरोपातले व्यापारीसुद्धा पूर्वी सांगत असत.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी म्हणालो, "वा, छान आहे."

घरी येऊन मी लिहायला बसलो. राजा लिहिला, माणकं लिहिली, विषही लिहिलं. त्याचा मान राहील आणि आपण कोण खोडून काढणारे, असं स्वतःला समजावलं. शेवटी चोरीपाशी आलो तेव्हा वाक्य पोकळ वाटलं. 'एका नोकराने' हे काही इतिहासासारखं वाटेना. वीरेंद्रने मला जुने कागद दिले होते. त्यात घरातल्या चाकरांची यादी आणि प्रत्येकाचं काम होतं. 'बाहेरचे पेले धुणे' यासमोर नाव होतं: सोमा. मी 'एका नोकराने' खोडलं आणि 'सोमा नावाच्या नोकराने' केलं. तेव्हा मला फार आनंद झाला होता. नाव सापडलं की मला वाटतं इतिहास सापडला. माझ्यासारख्या पुस्तकी माणसाचा मूर्खपणा असाच असतो. सोमाची टोली, म्हणजे त्याच्या लोकांची वस्ती, त्या छपरीपासून पाच मिनिटांवर आहे. मी चष्मा पुसून दहा पुस्तकं चाळली, पण ती पाच मिनिटं चाललो नाही.

मजकूर चौकटीत बसून कपाटाशेजारी लागला. वर माझं नाव नव्हतं. मला तेव्हा त्याचं थोडं वाईटही वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपल्यावर एका दुपारी कौशल्याबाई माझ्या घरी आल्या. सत्तरीच्या, काटक. पायाला चिंधी बांधलेली. मी खुर्ची पुढे केली, त्या पायरीवरच बसल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "भाऊ, सोमा चोर होता, हे तुमाले कोनं सांगतलं?"

मी म्हणालो, वीरेंद्रने सांगितलं.

"टोलीत कोनाले इचारलं?"

"नाही."

"काहून?"

सोमा त्यांचा सासरा. त्यांची नात रक्षा बी.ए. झाली, बोलायला चटपटीत. वीरेंद्रने तिला पाहुण्यांना घर दाखवायच्या कामावर घेतलं होतं. पहिल्याच दिवशी सतरा पर्यटकांपुढे उभं राहून तिला तो मजकूर मोठ्याने वाचावा लागला. शेवटच्या ओळींवर आली तेव्हा स्वयंपाकघरातली एक बाई हसून म्हणाली, तुमच्याच घरचा न हा? रक्षाने ओळ पूर्ण वाचली. पाहुण्यांना पाणी दिलं. मग चप्पल घालून घरी आली आणि पुन्हा गेली नाही.

"एवढी शिकली पोरगी," कौशल्याबाई म्हणाल्या, "अन् पयल्या दिशी काय वाचलं? आपलाच पंजोबा चोर."

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत काचेचा तुकडा होता, बोटभर लांबीचा. गडद निळा. त्यावर अर्धी गुलाबी पाकळी आणि तीन पांढरे ठिपके. माती लागलेली होती, पण मीना जसाच्या तसा. यंदा वीरेंद्रच्याच बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवताना चिखलात तो त्यांच्या पायात शिरला होता.

उकिरड्यात जे पडतं ते शेणखताबरोबर गाडीतून बांधीत जातं. मालगुजारांच्या घरचं खत मालगुजारांच्याच बांधीत. हे मला कौशल्याबाईंनी सांगायची गरज नव्हती, पण सांगावं लागलं. कारण मी तुकडा हातात घेऊन नुसता बघत बसलो होतो. म्हणजे पेला घरातच फुटला होता, आणि घरातल्याच कोणीतरी तो उकिरड्यात टाकला होता.

कोणी, तेही त्यांना ठाऊक होतं. सोमाने म्हातारपणी सुनेला सगळं सांगितलं होतं. त्या सांगत गेल्या आणि माझे कान तापत गेले.

मालगुजारांच्या घरात पितळ आणि कांसं होतं. काच स्वयंपाकघरात चालत नसे. हे पेले मुळात आणले शिकारीला येणाऱ्या गोऱ्या साहेबांसाठी. साहेबाने पितळेच्या पेल्याला तोंड लावलं तर भांडं बाटणार आणि साहेबाला पाणी दिलं नाही तर मालगुजारी धोक्यात. त्यावर काच हा उपाय. पेले छपरीतल्या कोनाड्यात राहत, कधी उंबरठ्याच्या आत जात नसत. ते धुवायला घरातलं कोणी तयार नव्हतं, म्हणून सोमा. त्याच्या हातचं पाणी त्या घरात चालत नव्हतं, पण साहेबाचा उष्टा पेला धुवायला त्याचा हात चालत होता. फक्त ओठ चालत नव्हते.

एका हिवाळ्यात वाघाची खबर घेऊन सोमा जंगलातून धावत आला. साहेब खूश झाला. त्याने आपल्या हाताने एका पेल्यात पाणी ओतलं आणि सोमापुढे धरलं. सोमाने मालगुजाराकडे पाहिलं. मालगुजार साहेबापुढे काय बोलणार? सोमा प्याला. सगळ्या छपरीने पाहिलं.

साहेब गेल्यावर घरात वाद सुरू झाला. पितळ असतं तर राखेने घासून विस्तवावर धरलं असतं. मातीचं असतं तर फेकलं असतं. पण काचेचं काय करायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं. पुरोहित म्हणाला धुवा. घरातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, काच वाळूची होते, म्हणजे मातीचीच बहीण. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी मालगुजाराने पेला बैलगाडीच्या चाकावर आपटला आणि तुकडे उकिरड्यात टाकायला लावले. कोणाला लावले? सोमालाच.

पुढच्या वर्षी साहेब पाच पाहुणे घेऊन आला आणि सहावा पेला मागितला. खरं सांगितलं असतं तर साहेबाच्या हाताचा अपमान. मालगुजार म्हणाला, सोमाने चोरला. सोमा तिथेच उभा होता. ज्या साहेबाने त्याला पाणी पाजलं होतं त्याने मान हलवली आणि दुसऱ्या पेल्यातून पिऊ लागला. सोमाचं काम गेलं, ते गेलंच. त्यानंतर जन्मभर तो काचेच्या भांड्यातून काही प्याला नाही. साकोलीच्या हॉटेलातही चहा बशीत ओतून मागायचा.

कौशल्याबाई उठल्या. "तुमी शिकलेले आहा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. तुकडा मात्र माझ्याकडे ठेवला नाही.

माझी बायको वच्छला दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "जिंदगीभर तोंड उघडलं नाही तुमी. अन् उघडलं तं हे."

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून मी वीरेंद्रकडे गेलो. वाटेत मी वाक्यं पाठ करत होतो. एवढा राग मला कधी आला नव्हता, आणि एवढ्या रागातही माझा आवाज मांजरासारखा निघेल हे माहीत असल्याने आणखी राग येत होता. वीरेंद्रने ऐकून घेतलं. तो वाईट बोलणारा माणूस नाही. त्यामुळे त्याच्याशी भांडणं फार कठीण.

"सर, तुमी कायले एवढं मनावर घेऊन राहिले?" तो म्हणाला. "गेस्ट लोकायले स्टोरी लागते. नव्वद वर्स झाले. कोन सोमा अन् कोन गोमा."

मी म्हणालो, त्याची सून जिवंत आहे.

"तुकडा भेटला म्हनजे चोरी नाई झाली, असं थोडीच हाये?"

"चोरलेला पेला फोडायला चोर तुमच्या उकिरड्यावर येईल का?"

तो हसला. "तुमी तं वकील झाले, सर." मग हात जोडून म्हणाला, ठीक आहे, चोरीच्या ओळी आजच काढतो, राजाचं राहू द्या. पणजोबांविषयी मात्र काही लिहायचं नाही. आणि रविवारी नागपूरहून जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा एक गट येणार आहे, तेव्हा तुम्हीच चार शब्द बोला. राजाचे, विषाचे. त्याने माझ्यासमोर चौकट उतरवून आत नेली. मला वाटलं, जिंकलो. लाज वाटते सांगायला, पण मला उपाशीपोटी मिठाई खाल्ल्यासारखं झालं होतं.

तिथूनच टोलीत गेलो. ती पाच मिनिटं मी आयुष्यात पहिल्यांदा चाललो. कौशल्याबाई अंगणात धान्य निवडत होत्या, रक्षा शेजारी बसली होती. मी सांगितलं, ओळी काढल्या.

कौशल्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "काढून काय होते?"

मी म्हणालो, आता कोणी वाचणार नाही.

"चोर म्हटलं ते चारचौघात, अन् पुसून राहिले गुपचूप," त्या म्हणाल्या. "तवाबी असंच झालं. पेला फोडला गुपचूप, नाव घेतलं साऱ्यायपुढं. माह्या नातीनं सत्रा लोकायपुढं वाचलं. तेवढ्याच लोकायपुढं सांगा का त्यानं नाई चोरला."

रक्षा मला म्हणाली, "आजोबा, नाव तुमाले कुठून भेटलं? वीरेंद्रभाऊले तं नाव मालूमच नोतं."

तेव्हा मला सांगावं लागलं. वीरेंद्र फक्त नोकर म्हणाला होता. नाव मी शोधलं, मीच घातलं, मला ते छान वाटलं म्हणून.

कौशल्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं उठून निघून जावं. तो साहेब, तो मालगुजार, त्यांना निदान काही वाचवायचं होतं. मला काय वाचवायचं होतं? एक वाक्य. वाक्य पोकळ वाटू नये म्हणून मी एका माणसाला पुन्हा चोर केलं.

"मंग कागदावर तुमचं बी नाव टाका," त्या म्हणाल्या. "त्याचं टाकलं, तसं."

शनिवारी मी कागद लिहिला. चार वेळा फाडला. प्रत्येक वेळी कुठेतरी 'कदाचित' आणि 'माझ्या अल्प मतीप्रमाणे' शिरत होतं. पाचव्या वेळी शिरू दिलं नाही.

रविवारी अकराच्या सुमारास गट आला. वीसेक माणसं, गळ्यात कॅमेरे. छपरीत खुर्च्या मांडल्या होत्या. वीरेंद्रने माझी ओळख इतिहासतज्ज्ञ म्हणून करून दिली. फाटकापाशी कौशल्याबाई, रक्षा आणि टोलीतली सातआठ माणसं येऊन उभी राहिली. पाहुण्यांसमोर त्यांना जा म्हणणं वीरेंद्रला जमलं नाही.

मी वाचायला लागलो. कागदाचा आवाज माझ्या आवाजापेक्षा मोठा येत होता. पहिल्यांदा राजा खोडून काढला. मग माणकं काढली, मग विष. एक पाहुणा नाराज होऊन म्हणाला, म्हणजे हे बाजारातून आणलेले पेले आहेत? मी म्हणालो, होय, बाजारातून. पण बनवले हाताने, कुठल्या तरी परक्या गावातल्या गरीब रंगाऱ्यांनी, आणि त्यांना हे पेले कशासाठी वापरले जाणार हे माहीत नव्हतं. ते मी आता सांगतो.

मग मी कोनाड्याचं सांगितलं. उंबरठ्याचं सांगितलं. धुणाऱ्या हाताचं आणि न चालणाऱ्या ओठांचं सांगितलं. वीरेंद्र जवळ आला आणि माझा दंड धरून हसत म्हणाला, "सर, चहा आला. बसा आता."

मी बसलो नाही. त्याची पकड घट्ट झाली तसा माझा आवाज मोठा झाला. मला स्वतःलाच तो ओळखू येईना. मी म्हणालो, या घरात पितळ विस्तवावर धरलं की शुद्ध होत होतं. हा मीना तर भट्टीत पुन्हा पुन्हा भाजूनच पक्का होतो. तुमच्याच नियमाने या पेल्याएवढं शुद्ध भांडं घरात दुसरं नव्हतं. तरी तो फोडला, कारण एक तहानलेला माणूस त्यातून पाणी प्याला. आणि फोडल्याची लाज झाकायला त्या माणसाला चोर केलं.

शेवटचा परिच्छेद मी कागदात न पाहता म्हणालो. सोमाने पेला चोरला नाही. त्याने चोरला असं या भिंतीवर लिहिलं होतं. ते मी लिहिलं होतं. त्याचं नाव मीच घातलं, कोणाला न विचारता. माझं नाव भोजराज.

वीरेंद्रने दंड सोडला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "माह्या घरात उभं राहून माह्या पणजोबाले शिव्या देता?"

"शिवी एकही दिली नाही," मी म्हणालो. "त्यांनी काय केलं ते सांगितलं. मी काय केलं तेही सांगितलं. तुम्ही काय करणार ते तुम्ही सांगा."

तो पाहुण्यांना जेवणाच्या टेबलाकडे न्यायला लागला. काही उठले, काही बसून राहिले. चष्मा लावलेल्या एका बाईने रक्षाला विचारलं, तू कोण? रक्षा म्हणाली, सोमाची पणती.

मला वाटलं, संपलं. कागदाची घडी घालून मी पायऱ्या उतरलो. कौशल्याबाई फाटकातून आत आल्या, छपरीच्या मधोमध उभ्या राहिल्या, पाहुणे बसले होते तिथेच. आभार वगैरे काही नाही. त्यांचा राग माझ्यावरून उतरलेला नव्हता आणि का उतरावा?

"परत वाचा," त्या म्हणाल्या. "मागच्यायनं आयकलं नाही."

टेबलाकडे निघालेले पाहुणे थांबले. मी वर चढलो, घडी उलगडली आणि सोमाच्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.